पावशेर काळीज आणि गोळ्यांचं एक पाकीट

रविवारी सकाळी साडेसात म्हणजे कोल्हापुरात उशीरच झालेला असतो. मटणाच्या दुकानापुढची रांग तोवर कोपऱ्यावर वळलेली असते. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात पिशवी, आणि तोंडं सगळी आत टांगलेल्या बकऱ्याकडं. गेल्या महिन्यात माझ्यापुढं पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांनी एक किलो मटण सांगितलं, त्यात दोन नळ्या, आणि वर पावशेर काळीज वेगळं. डबा बंद करून ते रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानात शिरले. मलाही तिथंच जायचं होतं. त्यांनी मल्टिव्हिटामिनचं पाकीट मागितलं. "कुठलं देऊ, काका?" असं विचारल्यावर म्हणाले, "मागचंच दे की. ताकदीचं."

एका हातात काळीज, दुसऱ्या हातात गोळ्या. मला हसू आलं, कारण गोळीतलं ब-१२ जीवनसत्त्व मुळात सापडलं ते काळजामुळंच. शंभर वर्षांपूर्वी एका प्रकारचा रक्तक्षय झालेला माणूस हमखास दगावायचा. मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज अर्धा पौंड काळीज खायला घातलं आणि माणसं खाटेवरून उठून बसली. व्हिपल या आणखी एका अमेरिकन डॉक्टरांसोबत त्यांना १९३४ साली नोबेल मिळालं. काळजात नेमकं काय होतं ते हाती लागायला १९४८ साल उजाडलं. लाल रंगाचे स्फटिक निघाले, त्यांना ब-१२ म्हणतात. आमच्या गृहस्थांनी मूळही विकत घेतलं आणि नक्कलही, आणि डब्यात त्यांची कित्येक दिवसांची बेगमी असताना पैसे मोजून आणखी चिमूटभर नेलं.

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळात या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, आमचा आजा गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्याला, तालमीत जोर मारला, ऐंशी वर्षं जगला. त्याला कुणी व्हिटामिन दिलं होतं? (ज्यांचे आजे चाळिशीत गेले ते लोक असं काही सांगत नाहीत, त्यामुळं या बाजूला साक्षीदार नेहमी भरपूर.) दुसरा तट म्हणतो, ते अन्न आता राहिलंय कुठं? भाजीवर फवारे, दुधात पाणी. मग रोज एक गोळी घेतलेली काय वाईट? फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही.

मला दोघांचंही पटत नाही. 'आपलं खाणं' या शब्दावर दोघं तावातावानं बोलतात, पण ताट कुणाचं, हे कुणीच विचारत नाही. ते विचारलं की चित्र वेगळं दिसतं. या शहरात गोळ्या जातात त्या ज्यांना नकोत त्यांच्या पोटात. ज्यांना हव्यात त्यांच्यापर्यंत त्या पोचत नाहीत, आणि पोचल्याच तर खिडकीच्या खोबणीत जातात. ती खोबण मी पुढं दाखवतो.

आधी आमच्या घराचं सांगतो. आमचं घर मांसाहारी, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. आई मात्र माळकरी आहे. चाळीस वर्षांपूर्वी तिनं पंढरीची माळ घातली, त्या दिवसापासून मटण सोडाच, अंड्यालाही हात लावला नाही. रविवारी घरात तांबडा-पांढरा होतो तेव्हा ती तिच्या वेगळ्या तव्यावर भाकरी भाजून घेते. दूध म्हणाल तर चहात पडेल तेवढं. उरलेलं आधी मुलांना गेलं, मग नातवंडांना.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. वयानं होतंय, असं तीही म्हणाली आणि आम्हीही. मग एकदा देवळातून येताना एका पायातली चप्पल कुठं तरी निसटली आणि ती घरापर्यंत तशीच आली. चप्पल गेल्याचं तिला कळलंच नव्हतं. एका डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणाले, आणि लोह व फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिली. चार महिन्यांत हिमोग्लोबिन वाढलं. आम्ही खूश. मुंग्या मात्र घोट्यावरून गुडघ्याकडं चढल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी ब-१२ तपासायला सांगितलं तेव्हा आकडा खालच्या मर्यादेच्या निम्म्यावर निघाला.

झालं होतं ते असं. रक्ताच्या पेशी तयार व्हायला फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि ब-१२ जोडीनं लागतात. ब-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण नसांवरचं आवरण झिजायचं थांबत नाही. रिपोर्ट छान दिसतो म्हणून कुणी पुढं बघत नाही. त्यात आई दहा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत होती, आणि ते औषध ब-१२ शोषून घेणं कमी करतं. या दोन्ही गोष्टी डॉक्टरी अभ्यासक्रमात आहेत. नव्यानं शोधून काढायचं त्यात काही नव्हतं. एक प्रश्न विचारायचा राहिला होता: "आजी, तुम्ही खाता काय?"

ब-१२ झाडपाल्यात नसतं. पालकात नाही, शेवग्यात नाही, डाळीत नाही. ते जंतू तयार करतात आणि जनावराच्या अंगातून ते आपल्याकडं येतं: मांस, मासे, अंडी, दूध. माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. पेलाभर दुधात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, आणि आईचा पेला तर चहाच्या कपाएवढाही भरत नव्हता. अशा बाईला 'चौरस आहार घ्या, गोळ्यांच्या नादी लागू नका' असं सांगणारा माणूस मला निसर्गप्रेमी वाटत नाही, बेफिकीर वाटतो. तिला आधी इंजेक्शनं दिली, आता गोळी आहे, आणि ती गोळी तिला जन्मभर लागणार. तिथं माझा काही वाद नाही.

घर मांसाहारी असतं, ताट नसतं. माळकऱ्यांचं सोडा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यात एकादश्या, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. हे उपासतापास पाळायचं काम आपल्याकडं कुणाकडं दिलंय ते सांगायला नको. आणि ज्या दिवशी मटण असतं त्या दिवशीही वाढणारी बाई शेवटी बसते. तिच्या वाटीत रस्सा असतो, फोडी नसतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे वाढला. आजाच्या दुधाची गोष्ट सांगणाऱ्यांनी एकदा आजीच्या ताटाचीही सांगावी.

कोल्हापूरच्या खाण्याचा अभिमान मलाही आहे, पण अभिमानाला जरा तपासून घेतलेलं बरं. पांढऱ्या रश्श्याचंच बघा. हाडाचं सत्त्व उतरतं म्हणून हाड मोडलेल्याला आणि बाळंतिणीला आपण तो वाट्या भरभरून पाजतो. चवीबद्दल बोलायची माझी टाप नाही. पण हाडातलं कॅल्शियम नुसत्या पाण्यात उकळून फारसं सुटत नाही. रश्श्यात जे काही कॅल्शियम असतं त्यात मोठा वाटा वाटलेल्या तिळाचा आणि खसखशीचा. तसंच गुळाचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रंगाचं, चवीचं आणि इथल्या मातीचं. रक्तवाढीचं नव्हे. शंभर ग्रॅम गुळात लोह चार-पाच मिलिग्रॅमच्या घरात. बाईला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. आपण शेंगदाण्यांबरोबर तोंडात टाकतो तो खडा दहा-पंधरा ग्रॅमचा. हिशेब तुम्हीच करा. शेंगदाण्याचं प्रथिन घ्या, गुळाची गोडी घ्या, रक्ताचं खातं वेगळं ठेवा.

उलट ज्याला आपण चैन समजतो त्या मिसळीत जास्त शहाणपण आहे. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की ते तयार होतं, आणि धान्यातलं लोह धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. उसळ शिजताना क बरंचसं उडून जातं हे खरं, पण म्हणून तर वरून लिंबू आहे. झाडातून येणारं लोह अंगाला लागायला क जीवनसत्त्वासारखा दुसरा मदतनीस नाही. कुठल्याही आहारतज्ज्ञाला न विचारता आपल्या लोकांनी प्लेटमध्ये मटकी, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड एकत्र आणली. आणि मग काय करतो? शेवटचा घोट कटाचा संपायच्या आत "दोन चहा" अशी हाळी देतो. चहातलं टॅनिन त्या लोहाला गच्च धरून बसतं. चहा तासाभरानं प्याला तर चालतो, पण हे मिसळीच्या दुकानात सांगून बघा.

आंबिलीचंही तेच. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बाकी कुठल्या धान्यात एवढं नाही. पीठ रात्रभर आंबवलं की त्यातली खनिजं अंगाला लागायला मोकळी होतात. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला नैवेद्याचं ताट नीट निरखून बघा: भाकरी, मेथी, वरणं-वांगं, कांद्याची पात, गाजर, लिंबू, केळं, आणि आंबील. मी भक्त म्हणून जातो तेवढाच या ताटासाठीही जातो. एका गोळीत हे बसवता येत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट दुसरीचं काही तरी काम सोपं करते. गोळीत कित्येकदा उलट असतं. वीस-पंचवीस घटक एकत्र कोंबलेले असतात, आणि कॅल्शियम शेजारीच बसून लोहाची वाट अडवत असतं.

'नुकसान तर नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. गाजरं, रताळी, पालेभाज्या जास्त खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, हे संशोधकांच्या लक्षात आलं होतं. या सगळ्यांत बीटा-कॅरोटीन असतं, ज्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं तो रंग. मग तेच काढून गोळीत भरलं तर? फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला. कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग कमी व्हायचा राहिला बाजूला, १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर तेच, आणि गाजरातून उचललेला एक कण वेगळाच वागला. गाजरानं कुणाला कर्करोग झाल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सरकारी गटानं २०२२ साली सगळा पुरावा पुन्हा चाळला. हृदयविकार आणि कर्करोग टाळायला कॅरोटीन आणि ई घेऊच नका, असं त्यांनी सांगितलं. मल्टिव्हिटामिनबद्दल मात्र घ्या किंवा घेऊ नका, दोन्ही म्हणण्याइतका पुरावा नाही, असा शेरा दिला. ताकदीच्या पाकिटामागं एवढंच उभं आहे.

घरातली गोष्ट हवी असेल तर आमच्या नात्यातल्या एक मावशी आहेत. गुडघे दुखतात म्हणून त्यांना ड जीवनसत्त्वाची पुडी दिली होती, ६०,००० युनिटची, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर लिहिलेलं इंग्रजीत. मावशींनी पुडी रोज घेतली, सकाळच्या दुधातून, महिनाभर. मध्ये कुणी तरी विचारलं तर म्हणाल्या, "मी रोज घेतो की, एक दिवस चुकवत न्हाई." मग उलट्या, तहान, डोकं जड. रक्तात कॅल्शियम इतकं वाढलेलं की चार दिवस सलाइन लावावं लागलं. ब आणि क जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे जातं. पाकीट घेणाऱ्यांची लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळंच, पैसे वाहून जाताना दिसतात. अ, ड, ई, के मात्र चरबीत साठतात आणि तुंबतात. ड ची कमतरता आपल्याकडं खरी आहे, अन्नातून ते फारसं मिळत नाही हेही खरं. अंड्याचा बलक आणि समुद्रातले तेलकट मासे सोडले तर यादी संपते. म्हणून तपासून, मोजून, ठरलेल्या मुदतीपुरतं घ्यावं. पण हे सांगायला चिठ्ठीवर मराठीत एक ओळ लागते, आणि तेवढा वेळ कुणाकडं नसतो.

एक काम करा. घरातलं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ही बरीचशी पाकिटं औषधाच्या नव्हे, अन्नाच्या कायद्याखाली विकली जातात, आणि त्यांच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. विविध आहाराची जागा हे उत्पादन घेऊ शकत नाही, असंही. कंपनी स्वतःच लिहून देते. आपण वाचत नाही, कारण पुढच्या बाजूला पळणारा माणूस असतो.

तालमीतही आता प्रोटीनचे डबे आलेत. १९१२ साली खासबाग मैदान कुस्तीला खुलं झालं, त्याच वर्षी लंडनमध्ये काझिमिर फंक या शास्त्रज्ञानं 'व्हिटामिन' हा शब्द काढला. तेव्हाच्या मल्लांना त्या शब्दाशी देणंघेणं नव्हतं. कुंडीत बदाम घोटायचे, थंडाई प्यायची, दूध-तूप रिचवायचं. त्यांच्यासाठी राजाश्रय होता हेही विसरू नये. आज गावाकडून आलेलं पोर थंडाईचा आणि खुराकाचा महिन्याचा खर्च ऐकून चाट पडतं, आणि उधारीवर प्रोटीनचा डबा आणतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०२४ च्या आहारविषयक शिफारशींत असे डबे टाळा म्हणून सांगितलंय. सांगणं बरोबर आहे. पोराचा खुराक कोण भरणार, ते त्या शिफारशींत नाही.

आता दुसरा तट, 'अन्नात राहिलंय काय' म्हणणारा. याची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही, फक्त बोट चुकीच्या जागी आहे. भाजीतलं सत्त्व गेलं की नाही यापेक्षा भाजीच गेली, हे मोठं आहे. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या कुठल्याही गावात जा, डोळा पोचेल तिथवर ऊस. माझ्या मामाच्या रानात ज्वारी असायची, त्यात तुरीच्या ओळी, बांधावर शेवगा आणि हादगा, पाटाच्या कडेला अळू. खुरपायला गेलेल्या बायका येताना ओटीत तांदळी, चिघळ, पाथरी घेऊन यायच्या. त्याला कुणी पैसे मोजत नव्हतं म्हणून त्याची कुठं नोंद नाही. उसात खुरपायला माणूस परवडत नाही, म्हणून तणनाशक आलं. तण मेलं, म्हणजे भाजी मेली. आता मामी रस्त्यावर उभी राहून टेम्पोतून आलेली कोबी विकत घेते. साठ टनांचा उतारा काढणाऱ्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदा. उसाचं बिल आलं की त्याच पैशातून ताकदीचं पाकीट येतं. मामा म्हणतो, "परवडत न्हाई रं भाजी लावाय." त्याचंही चुकत नाही. उसाला दर आहे, कारखाना आहे, पाणी आहे. तांदळीला काय आहे?

आणि हीच गोष्ट सरकारच्या पातळीवर आणखी मोठी होते. गोळी देणं सोपं असतं. गोळी मोजता येते, ट्रकनं पाठवता येते, रजिस्टरला लिहिता येते.

माझी बायको हातकणंगले तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. मी या गोळीच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. पाळी सुरू झालेल्या मुलीला अन्नातून ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह रोज मिळणं आपल्या घरांत अवघड आहे, आणि इथं पुरावा भक्कम आहे. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग झाडताना तिला खिडकीच्या चौकटीच्या खोबणीत सतरा निळ्या गोळ्या सापडल्या. रजिस्टरमध्ये सगळ्या खाल्ल्याची सही. मुलींना विचारलं तर म्हणाल्या, मळमळतं. संडासला काळं होतं. आणि एकीनं सांगितलं, ही पोरं न होण्याची गोळी आहे असं आज्जी म्हणते. सकाळी उपाशीपोटी दिली तर मळमळणारच. काळं होणं हे लोहाचं साधं लक्षण, पण तेरा वर्षांच्या पोरीला ते आधी सांगितलं नाही तर ती घाबरणारच. बायकोनं गोळी दुपारच्या खिचडीनंतर द्यायला सुरुवात केली आणि पाच मिनिटं या विषयावर बोलली. खोबणी नंतर रिकाम्या राहिल्या. त्या पाच मिनिटांची तरतूद कुठल्या परिपत्रकात नाही.

मुलींना सांगायला तिच्याकडं एक चांगली गोष्टही आहे. फॉलिक ॲसिडचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स ही ब्रिटिश संशोधक तिथं आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयानं मरत होत्या. तिनं त्यांची घरं बघितली, त्या खातात काय ते लिहून काढलं, आणि शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बऱ्या झाल्या. त्यातला घटक पुढं पालकाच्या पानांतून वेगळा काढला, म्हणून पानावरून त्याचं नाव पडलं. १९९१ साली सिद्ध झालं की ज्या बाईचं आधीचं मूल मज्जारज्जूच्या जन्मजात दोषाचं होतं तिला गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी दिली तर तो धोका ७२ टक्क्यांनी घटतो. तो भाग गर्भात चौथ्या आठवड्यातच मिटतो, बाईला दिवस गेल्याचं पुरतं कळायच्या आत. इथं 'पालेभाजी खा' एवढं पुरत नाही. विल्सबाईंचा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिनं आधी स्वयंपाकघर बघितलं, मग बाटली उघडली.

रेशनचा तांदूळ बघा. त्यात गेल्या काही वर्षांत शंभर दाण्यांमागं एक दाणा वेगळा मिसळला गेला, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घालून दाबून केलेला. बायका तो निवडून फेकून द्यायच्या, 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून. दुकानदार काही सांगत नव्हता, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या आईसारख्या बाईच्या ताटात ब-१२ पोचवायचा हा एक मार्ग होता, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. मिठात आयोडीन घालतोच की आपण. पण याच राज्यानं २०२३ च्या शेवटी शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला. लोकसहभागातून जमलं तर द्या म्हणाले. अंड्यात प्रथिन आहे, ब-१२ आहे, अ आहे, थोडं ड आहे, आणि मूल ते खोबणीत लपवत नाही. सरकारनं तेव्हा शंभरात एक दाणा ठेवला आणि अंडं काढलं. अन्न की गोळी, या वादात माझा राग असलाच तर तो या ठिकाणी आहे. मटणाच्या रांगेतल्या गृहस्थांवर नाही. ते बिचारे फार तर स्वतःचे पैसे घालवतात.

त्यांना मी पुन्हा भेटलो तर एवढंच सांगेन, दुकानात गोळी नावानं मागा. 'ताकदीची' मागू नका. कुठलं जीवनसत्त्व, किती, कशासाठी, किती दिवस, याची उत्तरं असतील तर जरूर घ्या. नसतील तर त्या पैशाचे पेरू घ्या. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत दिवसभराच्या क जीवनसत्त्वाच्या दुपटीहून जास्त असतं. आणि काळीज घरात सगळ्यांना वाढा, फक्त पुरुषांच्या बैठकीसाठी राखू नका. गरोदर बाईला तेवढं बेतानं, कारण त्यात अ फार असतं.

आईचं सांगायचं राहिलं. इंजेक्शनं संपल्यावर तिला ब-१२ ची कॅप्सूल लिहून दिली होती. तिनं ती दोन बोटांत धरून उजेडाकडं केली, दाबून बघितली आणि विचारलं, "ह्ये वरचं कातडं कशाचं रं?" मला खोटं बोलता आलं नाही. बहुतेक कॅप्सूलची टरफलं जिलेटिनची असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. तिनं कॅप्सूल परत माझ्या तळहातावर ठेवली. मी जाऊन साधी गोळी घेऊन आलो, टरफल नसलेली, पाकिटावर हिरवा ठिपका असलेली. तरी तिचं समाधान होईना. आत काय आहे? म्हटलं, हे जीवनसत्त्व जंतू तयार करतात, मोठ्या टाक्यांत ते वाढवतात. ती विचारात पडली.

"आणि त्यो जंतू काय खातो?"

"साखर. बीटाच्या साखरेची मळी वगैरे."

"मळी?" तिनं गोळी पाण्याबरोबर घेतली. "मग आपल्याकडचाच की."